रजेचा सौदा

विश्रांती घेणं हे एकट्यादुकट्याचं काम नाही. त्याला एक गल्ली लागते, एक कार्यालय लागतं, एक पिकअप लागते आणि शेवटी एक म्हैस लागते. मी हे ऐकीव सांगत नाही.

मी कोल्हारला राहतो आणि जवळच्या एका ज्युनियर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. गावात मला सगळे ‘सर’ म्हणतात. मी शिकवत नाही, परीक्षानळ्या धुतो, पण हा गैरसमज मी इतकी वर्षं मोठ्या कष्टाने जपला आहे. घरात आम्ही तिघं: मी, माझी बायको रेश्मा आणि माझे वडील, मच्छिंद्रनाना. पावणेदोन वर्षांपूर्वी नानांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून उजवा हात-पाय जड, आणि जीभ त्याहून जड. डोकं मात्र खणखणीत. आत सगळं बोलणं तयार असतं, बाहेर पडताना त्याचा ‘बा’ होतो.

या ‘बा’चा अर्थ लावणं ही माझी खरी नोकरी. ‘बा’ झालं की मी पाणी नेतो. नाना मान हलवतात. मग चहा, मग भांडं, मग पंखा चालू, पंखा बंद, टीव्ही, पेपर, उशी. एकदा मी पेपर, पाणी आणि भांडं तिन्ही एकदम घेऊन उभा राहिलो आणि घाईत पेपर पाण्यात, पाणी भांड्यात असा सगळा काला केला. नानांना काय हवं होतं ते आजतागायत समजलेलं नाही. दिवस असे जात होते आणि रात्री त्याहून वाईट, कारण रात्री ‘बा’ झालं नाही तरी ते झालं असं मला वाटायचं आणि मी उठून बसायचो.

व्हायचं ते झालं. एका दुपारी प्रयोगशाळेत नळाखाली परीक्षानळी धरून मी उभ्या उभ्या झोपलो. खालच्या मजल्यावर प्राचार्यांच्या टेबलावर पाणी टपकायला लागलं तेव्हा मला उठवण्यात आलं. प्राचार्यांनी फक्त ओली फाईल माझ्यासमोर धरली.

नानांना व्यायाम द्यायला सुकन्या मॅडम येतात. वयाने माझ्या पुतणीएवढ्या, पण त्यांच्यापुढे आख्खी गल्ली चळचळा कापते. त्या दिवशी नानांचं ब्लडप्रेशर पाहून त्या म्हणाल्या, “झकास. आता तुमचा दंड आणा.” माझं एकदा मोजलं, पुन्हा मोजलं, मग दुसऱ्या दंडाला पट्टा बांधला. चूक दंडाची नव्हती. त्या मला ओट्यावर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, “काका, सांभाळणाऱ्याला कोण सांभाळतंय? तुम्ही आडवे झालात तर नानांचं कोण करील? आठवड्यातला एक दिवस स्वतःसाठी ठेवा. औषध म्हणून ठेवा.” ‘काका’ हा शब्द मला ब्लडप्रेशरपेक्षा जास्त लागला, पण ते असो. त्यांनी एक व्यायामही शिकवला. डोळे मिटायचे, लांब श्वास घ्यायचा आणि हाताचं एकेक बोट सावकाश दाबत जायचं. “नानांच्या चांगल्या हातालाही असंच करा. दोघांचाही ताण उतरेल.”

दिवस काढणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते नानांना सांगणं. ‘नाना, मला तुमच्यापासून एक दिवस सुटी पाहिजे’ हे बापाला कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि ज्याला उलट उत्तर देता येत नाही अशा बापाला तर कसं सांगायचं? माझ्यापायी पोराचे हाल होताहेत, एवढं जरी त्यांच्या मनात आलं असतं तरी मला ते सोसलं नसतं. म्हणून मी ठरवलं की विश्रांती घ्यायची, पण नानांना पत्ता लागू द्यायचा नाही. चोरी करायची एवढंच माझ्या आयुष्यात राहिलं होतं.

पहिला मुक्काम कार्यालय. रजेच्या अर्जावर ‘कारण’ या शब्दापुढे मी सरळ मनाने ‘विश्रांती’ असं लिहिलं. अधीक्षकांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

“सर, विश्रांती हे रजेचं कारण नसतं. तो परिणाम असतो. वडील आजारी आहेत का?”

“नाही, ते बरे आहेत.”

“तुम्ही आजारी आहात?”

“नाही.”

“मग दोघंही बरे असताना रजा कशाला?”

इतकं बिनतोड बोलणारा माणूस आपल्या जिल्ह्यात रजा विभागात बसून आहे, याचं मला नवल वाटलं. शेवटी ‘घरगुती कारण’ असं लिहून दिलं. आमच्याकडे या दोन शब्दांत साखरपुड्यापासून विहिरीच्या मोटारीपर्यंत सगळं मावतं. शुक्रवारची रजा मिळाली.

मी घरी पोहोचण्याआधी बातमी पोहोचली होती. समोरच्या रतनबाई कुंपणावरून ओरडल्या, “रवी, तुला झोप लागंना म्हनं?” नाना ओसरीवर खुर्चीत बसलेले. मी ओठांवर बोट ठेवलं. रतनबाईंना इशारा समजला आणि त्या कुजबुजायला लागल्या. रतनबाईंचं कुजबुजणं प्रवरा नदीच्या पलीकडे ऐकू जातं. “तळपायाला एरंडेल लाव म्हनते मी.” तेवढ्यात शेजारच्या रंगुबाई मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या. त्यांच्या मते मला दृष्ट लागली होती. माझ्यात दृष्ट लागण्याजोगं काय आहे हे विचारायचा मोह मी आवरला. दोघी आपापल्या उपायावरून भांडायला लागल्या आणि रंगुबाईंनी भांडता भांडता माझ्यावरून मोहऱ्या उतरवल्या.

“नाना, तुमच्या काळजीने येतात हो सगळे,” मी म्हणालो. नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डोक्यावरून फिरणाऱ्या मुठीकडे पाहिलं.

सगळ्यात कामाचा सल्ला आला आसारामभाऊंकडून. ते आमच्या गल्लीतलेच, एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. आधी त्यांनी मला हिणवलं. “आमी डबल ड्युटीला दांडी धरून उभ्यानं झोपायचो, आन् तिकिटं बी फाडायचो. तुमा सायन्सवाल्यांना नळ बी बंद करता येईना.” मग जवळ सरकून कानात म्हणाले, “हे बग, मला म्हैस घ्यायचीच हाय. शुक्रवारी भाच्याची पिकअप घिऊन घोडेगावच्या बाजाराला चाललोय. नानाला संग नेतो. त्याला वारं लागंल आन् तू दिवसभर पाय पसरून झोप.”

त्यातलं घोडेगाव हे नाव तेवढं नानांनी टिपलं आणि ते खुर्चीत ताठ झाले. मी शाळेत होतो तेव्हा ते दर शुक्रवारी तिकडे जायचे आणि संध्याकाळी कागदात बांधलेली भजी आणायचे. ते भजी आणायलाच जातात अशी आमची समजूत होती.

शुक्रवार उजाडला. रेश्मा पाथर्डीला माहेरी होती. तिच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणजे तिकडे तीही हेच करत होती. नाना पहाटेपासून तयार. टोपी, धुतलेलं उपरणं, दाढी. आसारामभाऊंनी आणि भाच्याने त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं, चाकाची खुर्ची मागे टाकली, आणि मी दार लावून पलंगावर आडवा झालो. घरात इतकी शांतता मी फार दिवसांनी ऐकत होतो. आता झोप लागणार, असं वाटलं आणि मनात आलं, दुपारची गोळी कोण देणार? नाना उजव्या अंगाला कलतात हे आसारामभाऊंना ठाऊक आहे का? ‘बा’ झालं तर? पिकअप कोपऱ्यावर वळत होती तेव्हा मी गोळ्यांची पिशवी घेऊन, एका पायात माझी आणि एका पायात रेश्माची चप्पल घालून तिच्यामागे पळत होतो.

पुढे जागा नव्हती. मागे बसायला एकच वस्तू होती, नानांची खुर्ची. भाच्याने ती दोरीने कठड्याला बांधली आणि घसरू नये म्हणून मलाही तिला बांधलं. राहुरीपर्यंत मला अशी झोप लागली की काय सांगू. गाडी कुठेतरी थांबली म्हणून डोळे उघडले, तर शेजारी मोटारसायकलवर आमचे अधीक्षक. त्यांनी मला पाहिलं. खुर्ची पाहिली. दोरी पाहिली. त्यांनी हेल्मेट काढून हातात घेतलं.

“सर,” ते हळू आवाजात म्हणाले, “अर्जात तसं लिहायचं तरी होतं.”

मी खुलासा करणार तेवढ्यात गाडी हलली. ते कितीतरी वेळ तिथेच उभे राहिलेले दिसत होते.

घोडेगावचा बाजार मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो, आणि मी जागीच थबकलो. नजर जाईल तिथवर म्हशी. तेल लावून चमकवलेल्या, वेटोळ्या शिंगांच्या, माझ्या प्रयोगशाळेच्या दारातून आत येणार नाहीत एवढ्या. त्यातली एक माझ्याकडे पाहून फुरफुरली आणि मी तिला नकळत “सॉरी” म्हणालो. शेणात खुर्चीची चाकं रुतली तर कोण कुठले चार जण आले, नानांसकट खुर्ची उचलली, बाभळीच्या सावलीत नेऊन ठेवली आणि आपापल्या वाटेने निघून गेले. कुणी नावही विचारलं नाही. एवढी माणुसकी आणि एवढं शेण मी एका ठिकाणी कधी पाहिलं नव्हतं.

आसारामभाऊ म्हशी बघायला गेले. म्हटलं, चला, आपला दिवस इथेच साजरा करू. नानांच्या डाव्या बाजूला पेंडीच्या पोत्यावर बसलो आणि त्यांचा हात हातात घेतला. भर बाजारात एका ‘सरां’नी बापाचा हात धरून बसणं मला जरा अवघड वाटलं, म्हणून नानांचं उपरणं दोघांच्या हातांवर पसरलं. डोळे मिटले. लांब श्वास. करंगळी. पुन्हा श्वास. पुढचं बोट.

मध्येच नानांनी हात काढून घेतला. कुठल्या तरी म्हशीकडे दाखवत असावेत. मी डोळे उघडले नाहीत, मॅडमची तशी सक्त ताकीद होती. जरा वेळाने हात परत आला. मी पुन्हा करंगळीपासून सुरुवात केली आणि मला नवल वाटायला लागलं. हातात जोर आला होता. नुसता जोर नाही, तो हात उलट माझी बोटं दाबत होता. मी एक बोट दाबलं की तो दोन दाबायचा. मी तीन दाबायचो. पावणेदोन वर्षांत पहिल्यांदाच नाना व्यायामाला अशी साथ देताहेत या विचाराने मला भरून आलं, आणि मी आख्खा पंजा मनापासून प्रेमाने दाबला.

“ठरली,” कुणीतरी म्हणालं.

डोळे उघडले. उपरण्याखाली माझ्या हातात एका मिशीवाल्या माणसाचा हात होता. त्याने माझ्या मांडीवर एक दावं ठेवलं. दाव्याच्या दुसऱ्या टोकाला म्हैस होती, मघाशी मी जिला सॉरी म्हणालो होतो तीच.

“काढा इसार, सर,” आगाऊ पैशांसाठी हात पसरत तो म्हणाला.

घोडेगावात म्हशीचा भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली हात घालून बोटांनी सांगतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. हे सगळ्या नगर जिल्ह्याला माहीत आहे, आणि मलाही माहीत होतं. पण आपण डोळे मिटून सौदा करत असू अशी शंका कुणाला येईल? गर्दी जमली. आसारामभाऊ धावत आले. व्यापाऱ्याने, त्याचं नाव कल्याण, त्यांच्या कानात आकडा सांगितला. आसारामभाऊ मटकन पोत्यावर बसले.

“आरं रवी, एवढ्यात दोन म्हशी आन् वर एक रेडकू आलं असतं.”

“माझा व्यायाम चालला होता,” मी म्हणालो.

घोडेगावच्या बाजारात असं कारण आजवर कुणी दिलं नसावं. लोक माझ्याकडे आदराने पाहायला लागले.

“माजी काय चूक?” कल्याण म्हणाला. “मी एक बोट वाढवलं का सर दोन वाढवत्यात. मी थांबाया बगतोय तर ह्यांनी पंजाच दाबला. त्यो बी डोळं झाकून. मला वाटलं लई पोचलेला मानूस हाय.”

“त्याला सोड, बाबा,” आसारामभाऊ म्हणाले. “त्यो काय म्हशीचं गिऱ्हाईक न्हाई. बापाचं करून करून दमलाय, रातरात झोप न्हाई त्याला. आज रजा बी झोपायसाठीच काढली हुती त्यानं. नानाला मी त्याच्यासाठीच हिकडं आनलं.”

झालं. जे झाकायला मी अर्जात खोटं लिहिलं, डोक्यावरून मोहऱ्या उतरवून घेतल्या, ते भर बाजारात म्हशीच्या साक्षीने उघडं पडलं. नानांकडे बघायची माझी हिंमत होईना. बघितलं तेव्हा ते माझ्याकडेच बघत होते.

“बा,” ते म्हणाले.

मी धडपडत पिशवीतून पाण्याची बाटली काढली. नानांनी ती बाजूला सारली. गोळी काढली, तीही सारली. मग डाव्या हाताने त्यांनी माझ्या मांडीवरचं उपरणं ओढून घेतलं, हातावर टाकलं आणि तो हात कल्याणसमोर धरला.

“आजोबा, सौदा झालाय,” कल्याण म्हणाला.

गर्दीतून एक पिकला म्हातारा पुढे आला. “उपरनं झटकलं का रं? झटकून मोठ्यानं ‘ठरली’ म्हनल्याबिगर सौदा पुरा न्हाई. तू आधीच म्हनलास. आन् हे कोन हायेत ठाव हाय का? कोल्हारचे मच्छिंद्रनाना. ज्याचा सोताच्या हातावर भरवसा नसायचा त्यो ह्यांना मदी बसवायचा. घेनारा बी बसवायचा आन् इकनारा बी. दे हात.”

नानांचा उजवा हात गेलेला, म्हणून कल्याणने आपला डावा पुढे केला. पुढचं मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि तरी मला ते पुरतं सांगता येणार नाही. उपरणं हलायला लागलं. कल्याण सुरुवातीला हसत होता. मग हसायचा थांबला. मग म्हणाला, “न्हाई नाना, घरातनं घालावं लागंल.” नानांनी हनुवटीने म्हशीच्या मागच्या पायाकडे दाखवलं. ती तो पाय जरा उचलून टेकत होती. तिथे उभ्या असलेल्या इतक्या माणसांत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. “दिसलं व्हय तुमाला,” कल्याण म्हणाला आणि ओशाळला. पुन्हा उपरणं हललं. नानांची भुवई वर गेली. एकदा त्यांनी खट्याळपणे डोळा बारीक केला आणि कल्याण खो खो हसला. कशाला हसला ते त्या दोघांनाच माहीत.

या माणसाच्या तोंडून एक वाक्य निघावं म्हणून मी पावणेदोन वर्षं पाणी, पेपर आणि उशा घेऊन धावत होतो, आणि तो माणूस माझ्यासमोर भांडत होता, नाकारत होता, थट्टा करत होता, थोडं सोडत होता, पुन्हा धरत होता. एक शब्द न उच्चारता. माझ्या बापाचं बोलणं गेलेलं नव्हतंच. इतक्या जवळ राहूनही ते मला दिसलं नव्हतं आणि आता दिसत होतं तेव्हा मी पोत्यावर बसून लहान पोरासारखा आ वासून पाहत राहिलो.

कल्याणने उपरणं झटकलं आणि मोठ्याने म्हणाला, “ठरली.” मग वाकून नानांच्या पायाला हात लावला. “माजं बी नुकसान न्हाई केलं नानांनी,” तो लोकांना सांगत होता. झटकल्यावर मग कुणी भाव वाढवायचा नाही, उतरवायचा नाही. म्हैस आसारामभाऊंनी घेतली, इसार त्यांनी दिला, आणि ती गाडीत चढवायला माणसं घेऊन ते गेले. म्हैस चढायला तयार नव्हती, त्यामुळे आम्हाला बराच वेळ मिळाला.

बाभळीखाली मी आणि नाना दोघंच उरलो. मला खूप बोलायचं होतं. नाना, मी तुम्हाला कंटाळलो नाही, असं म्हणायचं होतं. पण माझीच जीभ जड झाली. मी उपरणं उचललं, त्यांच्या हातावर टाकलं आणि खाली माझा हात घातला.

“नाना, आठवड्यातला एक दिवस,” एवढंच म्हणालो आणि त्यांचं एक बोट धरलं. “रतनबाई बसतील तुमच्यापाशी. मी जरा पडेन. चालेल का तुम्हाला?”

नानांनी आपलं बोट सोडवून घेतलं, माझा हात पालथा केला आणि माझी दोन बोटं धरली.

त्यांना समजलं नाही असं वाटलं. “एक, नाना. एकच,” म्हणून मी पुन्हा एक बोट धरलं. त्यांनी मान हलवली, मघाशी कल्याणला हलवली होती तशीच, आणि पुन्हा दोन बोटं घट्ट धरली. आता कळलं. तो म्हातारा भाव वाढवत होता. माझ्या बाजूने, माझ्याशीच.

“नाना, दोन दिवस म्हणजे लई झाले. तुमचं कसं होईल?”

नाना म्हशींकडे बघत बसले. घाई नव्हती त्यांना. बोटं काही सोडली नाहीत.

“बरं, दोन,” मी म्हणालो. माझे डोळे वाहायला लागले होते. नाना अर्ध्या तोंडाने हसले आणि त्यांनी माझं तिसरं बोट धरलं.

मी घाईने उपरणं झटकलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने “ठरली” म्हणालो. नाहीतर त्या माणसाने मला सातही दिवस देऊन टाकले असते.